नायगाऱ्याच्या मधली रेघ

नायगारा पाहून आलेल्या माणसाला आपल्याकडे दोन प्रश्न हमखास विचारतात. पहिला, कुठल्या बाजूने पाहिलात? आणि दुसरा, भिजलात का? दुसऱ्याचं उत्तर सोपं आहे. अंगात निळा प्लॅस्टिकचा रेनकोट असूनही आम्ही सगळे नखशिखांत भिजलो. पहिल्या प्रश्नाचं उत्तर मात्र मला अजून एका वाक्यात देता येत नाही. आज त्या ‘बाजू’विषयीच बोलायचं आहे.

नायगारा नदी ईरी सरोवरातून निघते आणि ऑन्टारिओ सरोवराला मिळते. लांबी अवघी ३६ मैल. आमची सीना हिच्यापेक्षा कितीतरी लांब; पण सीनेच्या वाट्याला दोन देशांची सीमा आली नाही. नायगारा नदीच्या मधोमध अमेरिका आणि कॅनडा यांची हद्द आहे. कड्यापाशी आल्यावर नदी एका बेटामुळे फुटते आणि दोन मोठ्या प्रवाहांनी खाली कोसळते. धाकटा प्रवाह अमेरिकेचा. थोरला, घोड्याच्या नालेसारखा वळलेला, जवळजवळ सगळा कॅनडाच्या वाट्याला गेलेला. त्याची उंची १८८ फुटांच्या आसपास आहे. लुई हेनेपिन या धर्मोपदेशकाने १६७८ मध्ये तो पाहिला आणि पुढे १६९७ च्या पुस्तकात उंची सहाशे फुटांच्या वर लिहून टाकली. कवींना अतिशयोक्तीची सवय असते असं म्हणतात. धर्मोपदेशकही मागे नव्हते.

मी सोलापूरचा. आमच्या पिढीला धबधबा म्हणजे नळदुर्गचा. आदिलशाहीत, १६१३ च्या सुमारास, बोरी नदीवर धरणाची भिंत बांधली, तिच्या पोटात पाणी महाल काढला. पावसाळ्यात भिंतीवरून पाणी दोन धारांनी पडतं. लोकांनी त्यांना नावं ठेवली नर आणि मादी. माझे आजोबा नळदुर्गकडचे. ते सोलापूरला गिरणीत कामाला आले तेव्हा त्या तीसेक मैलांच्या वाटेवर निजामाचं राज्य संपायचं आणि इंग्रजांचं सुरू व्हायचं. आता तिथे जिल्ह्याची हद्द दाखवणारी पाटी आहे आणि एस.टी. तिच्यापाशी वेगसुद्धा कमी करत नाही. तेव्हा दोन धारांचा धबधबा आणि जवळून गेलेली हद्द या दोन्ही गोष्टी मला तशा नव्या नव्हत्या.

२०२३ च्या जूनअखेरीस आम्ही उभयता मुलीकडे न्यू जर्सीला होतो. शाळेला सुट्टी लागली आणि नातवाने नायगाऱ्याचा धोशा लावला. सात-आठ तासांचा मोटारप्रवास करून आम्ही धबधब्याच्या गावी पोचलो. गावाचं नावही नायगारा फॉल्स. गंमत म्हणजे पलीकडच्या काठावरच्या गावाचं नावही नायगारा फॉल्स. अमेरिकेच्या काठावरून धबधबा कडेने दिसतो, कॅनडाच्या काठावरून समोरून. म्हणून जो तो सांगतो, बघायचा तर तिकडून बघा.

आमची माणसं पाच आणि कागदपत्रं तीन तऱ्हांची. नातू अमेरिकेत जन्मलेला, त्याचा पासपोर्ट तिथला. मुलगी आणि जावई भारतीय पासपोर्टवर, पण ग्रीन कार्डवाले. त्यांना कॅनडात जायला व्हिसा लागत नाही. आम्ही दोघं अमेरिकेच्या पर्यटक व्हिसावर. आम्हाला कॅनडाचा वेगळा व्हिसा हवा, आणि तो काही आम्ही काढलेला नव्हता. मुलगी म्हणाली, “अब्बा, मग आम्हीपण नाही जात.” मी म्हटलं, एवढ्या लांब येऊन पोराला कशाला अडवता, जा तुम्ही तिघं. दोन्ही गावांना जोडणारा रेनबो ब्रिज नावाचा पूल आहे, त्यावरून पायी जाता येतं. ते गेले. आम्ही काठावरच्या बाकावर थर्मासमधला चहा घेत बसलो. अर्ध्या तासाने नातवाचा फोन आला. “नाना, मी लाइनवर उभा आहे. एक पाय कॅनडात, एक अमेरिकेत!” पुलाच्या मध्यावर हद्दीची पाटी आहे, तिथे येणारा प्रत्येकजण असा उभा राहून फोटो काढतो. माझी बायको म्हणाली, “त्याला सांगा, कठड्याला टेकू नको.”

दुपारी सगळे मिळून बोटीत बसलो. अमेरिकेच्या बोटीतले लोक निळ्या रेनकोटात, कॅनडाच्या बोटीतले लाल रेनकोटात. आमची बोट नालेसारख्या धबधब्याच्या कुशीत शिरली, म्हणजे नकाशाप्रमाणे आम्ही व्हिसाशिवाय कॅनडात जाऊन आलो. तिथे कुणी काही विचारत नाही. तुषारांच्या धुक्यात लाल बोट शेजारून गेली आणि दोन्हीकडच्या लोकांनी एकमेकांना हात हलवले.

ही रेघ कुठून आली? १७८३ मध्ये अमेरिका स्वतंत्र झाली तेव्हाच्या तहात ठरलं की सीमा पाण्याच्या मध्यातून जाईल. कॅनडा तेव्हा इंग्रजांकडे राहिला. १८१२ मध्ये दोघांचं पुन्हा जुंपलं आणि नायगाऱ्याचे दोन्ही काठ रक्ताने माखले. २५ जुलै १८१४ ची लंडीज लेनची लढाई तर धबधब्याच्या इतकी जवळ झाली की तोफा थांबल्या की पाण्याचा आवाज ऐकू यायचा. त्याच वर्षाच्या डिसेंबरात तह झाला आणि दोघांनी जिंकलेला मुलूख परत केला. रेघ होती तिथेच राहिली. लढायांविषयी एवढं पुरे. माझं मन रमलं ते पुढच्या गोष्टीत.

धबधब्याच्या खाली दोनेक मैलांवर नदीची घळ अरुंद होते. १८४८ मध्ये चार्ल्स एलेट नावाच्या इंजिनिअरला तिथे झुलता पूल बांधायचा होता. पण पहिला दोर पलीकडे न्यायचा कसा? खाली पाणी असं खवळलेलं की होडी घालायची सोय नाही. शेवटी त्याने मुलांसाठी पतंगांची स्पर्धा जाहीर केली. जो पतंगाचा दोरा पलीकडे पोचवेल त्याला बक्षीस. होमन वॉल्श नावाचा पंधरा-सोळा वर्षांचा अमेरिकन मुलगा पुढे आला. वारा कॅनडाकडून अनुकूल होता, म्हणून तो पतंग घेऊन होडीने तिकडच्या काठावर गेला. पतंग पलीकडे गेला, पण दोरा घळीतल्या बर्फाला घासून तुटला. तेवढ्यात नदीत बर्फ दाटलं, होड्या बंद पडल्या आणि हा पोरगा आठवडाभर परक्या देशात अडकून पडला. वाट मोकळी झाल्यावर घरी आला, पतंग सांधला, पुन्हा पलीकडे गेला आणि या वेळी दोरा पोचला. महिना जानेवारीचा. आपल्याकडे संक्रांतीला पोरं मांजा तुटला म्हणून गच्चीवर रडत असतात, त्याच दिवसांत दोन देशांमधला पहिला धागा एका पोराच्या पतंगाने नेला. त्या धाग्याला जाड दोरी बांधली, दोरीला दोर, दोराला तारा. पुढे जॉन रोब्लिंगने त्याच जागी मोठा झुलता पूल उभारला. ८२१ फुटांचा, दोन मजली. वरून आगगाडी, खालून घोडागाड्या आणि पायी माणसं. मार्च १८५५ मध्ये त्यावरून गाडी धावली. धावली म्हणायचं, पण पूल हलू नये म्हणून तिला ताशी पाच मैलांहून अधिक वेग नव्हता. हिशेब केला तर पूल ओलांडायला जेमतेम दोन मिनिटं लागत.

ती दोन मिनिटं काय होती, हे कळायला आणखी मागे जावं लागेल.

कॅनडातही गुलामी होती, ही गोष्ट आपल्याला फारशी ठाऊक नसते. १४ मार्च १७९३ रोजी याच नदीच्या कॅनडाकडच्या काठावर, क्वीन्सटन गावाजवळ, ॲडम व्रूमन नावाच्या माणसाने आपल्या मालकीच्या क्लोई कूली या काळ्या बाईला दोरीने बांधलं आणि होडीत टाकून अमेरिकेच्या काठावर विकायला नेलं. तिने आरडाओरडा केला, झटापट केली. तिला नेताना पीटर मार्टिन या काळ्या माजी सैनिकाने पाहिलं आणि त्याने ही हकिगत गव्हर्नर सिमकोच्या कानावर घातली. सिमको गुलामीच्या विरोधात होता. पण कायदेमंडळातल्या कित्येकांच्या घरी गुलाम होते. तडजोड झाली आणि जुलै १७९३ मध्ये कायदा आला. आहेत ते गुलाम गुलामच राहतील, नवे कुणी बाहेरून आणायचे नाहीत आणि यापुढे गुलाम आईच्या पोटी जन्मलेलं मूल पंचविसाव्या वर्षी मोकळं होईल. अर्धामुर्धा कायदा. पण त्याचा एक अर्थ असा झाला की बाहेरून येणारा माणूस या काठावर उतरला की तो गुलाम राहत नाही. क्लोईला मात्र त्याचा काडीचा उपयोग झाला नाही. नदीपार गेल्यावर तिचं नाव कागदांतून नाहीसं होतं. पुढे १ ऑगस्ट १८३४ पासून बहुतेक ब्रिटिश वसाहतींबरोबर कॅनडातली गुलामीही कायद्याने संपली.

आता चित्र उलटं झालं. क्लोईला जी नदी ओलांडून विकायला नेलं, तीच नदी उलट्या बाजूने ओलांडायला अमेरिकेच्या दक्षिणेतून माणसं येऊ लागली. रात्री चालायची, दिवसा दडायची. त्यांना लपवणारी घरं, वाट दाखवणारी माणसं अशी एक गुप्त साखळी तयार झाली. तिला ‘भूमिगत रेल्वे’ म्हणत. रूळ नाहीत, बोगदे नाहीत. पण लपवणाऱ्या घराला ‘स्टेशन’ आणि वाटाड्याला ‘कंडक्टर’ म्हणायची रीत होती. १८५० मध्ये अमेरिकेने फरारी गुलामांविषयीचा कडक कायदा केला. गुलामी नसलेल्या उत्तरेतल्या राज्यांतूनही पळालेल्या माणसाला धरून मालकाकडे धाडणं सक्तीचं झालं. पकडलेल्या माणसाचा निवाडा करायला एक अधिकारी असे. त्याने माणूस मालकाच्या हवाली केला तर त्याला १० डॉलर मिळत, सोडला तर ५. मी बी.ए.ला इतिहास घेतला होता. लिंकन आणि यादवी युद्ध यांवर पानंच्या पानं लिहिली असतील. पण हे दहा आणि पाच डॉलर तेव्हा आमच्या गाइडात नव्हते.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाऊस होता म्हणून जावयाने आम्हाला त्या गावच्या रेल्वे स्टेशनला लागून असलेल्या एका संग्रहालयात नेलं. ते २०१८ मध्ये सुरू झालं. इमारत १८६३ ची, सीमेवरच्या जकातीच्या कचेरीची. पळून आलेल्या लोकांच्या आणि त्यांना पार पोचवणाऱ्यांच्या कहाण्या तिथे मांडल्या आहेत. मी तिथे तासभर म्हणून गेलो आणि दुपारपर्यंत बसलो. नातू कंटाळून दोनदा बाहेर जाऊन आला.

या कहाण्यांत एक हॉटेल पुन्हा पुन्हा येतं. कॅटरॅक्ट हाउस. धबधब्याच्या अगदी काठावरचं, त्या काळचं बडं हॉटेल. उन्हाळा आला की दक्षिणेतले श्रीमंत मळेवाले बायकामुलांसह नायगाऱ्याला हवा खायला येत आणि या हॉटेलात उतरत. सोबत सेवेला गुलाम. हॉटेलातले वेटर सगळे काळे, पण स्वतंत्र. ताटं मांडता मांडता, सामान उचलता उचलता ते या पाहुण्यांच्या गुलामांशी हळूच बोलत. समोर नदी, पायथ्याशी वल्ह्यांची होडी. जॉन मॉरिसन हा तिथला मुख्य वेटर. रात्री तो स्वतः होडीने माणसं पलीकडे सोडून यायचा. सकाळी पुन्हा पांढरा कोट घालून नाश्त्याला हजर.

१८४६ मध्ये केंटकीतल्या लुइव्हिल शहरातून थ्रस्टन कुटुंब असंच सहलीला आलं. त्यांची मुलगी फॅनी, आणि तिच्या सेवेला सेसेलिया रेनॉल्ड्स. सेसेलिया पंधरा वर्षांची. लहानपणापासून दोघी एका घरात, एक मालकीण आणि एक मालमत्ता. त्या सहलीत सेसेलिया नाहीशी झाली. नदी ओलांडून कॅनडात गेली. गोष्ट इथेच संपली असती तर अशा शेकडो गोष्टींतली एक ठरली असती. पण काही वर्षांनी सेसेलियाने पलीकडून फॅनीला पत्र धाडलं. कारण उघड आहे. तिची आई त्याच घरात गुलाम होती. फॅनीने उत्तर दिलं. तिची पाच पत्रं लुइव्हिलच्या संग्रहात आजही जपलेली आहेत. यादवी युद्धानंतर, गुलामी उठल्यावर, सेसेलिया लुइव्हिलला परत गेली. एका कुटुंबाची सुट्टीतली सहल होती ती. बाकी सगळे धबधबा बघत होते आणि एक मुलगी पलीकडचा काठ न्याहाळत होती, हे चित्र डोळ्यांपुढून काही केल्या हलेना.

आणि मग तो पूल आणि ती दोन मिनिटं.

हॅरिएट टबमन हे नाव तुमच्यापैकी अनेकांनी ऐकलं असेल. मेरीलँडमध्ये गुलामीत जन्मलेली ही बाई १८४९ मध्ये एकटी पळाली आणि मग दुसऱ्यांना आणायला पुन्हा पुन्हा मागे गेली. अभ्यासक सांगतात, तेरा-एक फेऱ्यांत तिने सत्तरेक माणसं बाहेर काढली. अक्षरओळख नव्हती तिला. १८५६ च्या नोव्हेंबरात तिच्याबरोबर जो बेली नावाचा धिप्पाड गडी होता. कामाला वाघ. त्याच्या कामावर खूश होऊन एका मालकाने त्याला मोठी किंमत देऊन विकत घेतलं आणि पहिल्याच दिवशी काही अपराध नसताना चाबकाने फोडून काढलं. धनी कोण हे आधीच कळावं म्हणून. जोने तो मार मुकाट्याने सोसला. थोड्या दिवसांत हॅरिएट त्या भागात आल्याचं कळलं, तसा भावाला घेऊन निघाला. त्याला धरून देणाऱ्याला १,५०० डॉलरांचं इनाम लागलं.

विल्मिंग्टनच्या पुलावर पहारा होता. तिथल्या थॉमस गॅरेट या सज्जनाने दोन गाड्या भरून गवंडी पाठवले. ते गात, ओरडत, जणू कामाला निघाल्यासारखे पूल ओलांडून गेले. रात्री तसेच गात परत आले, तेव्हा गाड्यांच्या तळाशी ही माणसं आडवी पडली होती. पहारेकऱ्यांना शंकासुद्धा आली नाही. इथवर जोही गाणी म्हणायचा, हसायचा. न्यूयॉर्कला पोचल्यावर मात्र ऑलिव्हर जॉन्सन या गुलामीविरोधी संपादकाने त्याला पाहिलं आणि इनामाच्या जाहिरातीतल्या वर्णनावरून लगेच ओळखलं. कौतुकानेच ओळखलं. पण जो खचला. ज्याला मित्र ओळखतो त्याला शत्रूही ओळखणार. कॅनडा अजून किती लांब, त्याने विचारलं. नकाशा दाखवला तर अजून तीनशे मैलांवर. तिथून पुढे तो गायचा थांबला, बोलायचा थांबला. मान खाली घालून डोकं हातात धरून बसून राहिला.

गाडी नायगाऱ्याच्या पुलावर आली. हॅरिएटला हौस, सोबतच्या सगळ्यांनी धबधबा बघावा. तिने हाका मारल्या, बाकीचे खिडकीशी आले. जो हलला नाही. ती पुन्हा म्हणाली, अरे, बघ तरी. त्याने मान वर केली नाही. ज्यासाठी आम्ही सात-आठ तास मोटार हाकत गेलो, ज्यासाठी जगभरातून लाखो लोक जातात, ते त्याच्या खिडकीबाहेर होतं आणि त्याला ते बघायचं नव्हतं. हॅरिएट या वाटेची जाणती. पुलाच्या मध्यानंतर गाडी किंचित उताराला लागते हे तिला ठाऊक होतं. तो उतार अंगाला जाणवला तशी ती उठली आणि जोला गदागदा हलवून म्हणाली, तू सुटलास. तेव्हा त्याने मान वर केली. डोळ्यांतून धारा लागल्या, दोन्ही हात वर गेले आणि जो गायला लागला, इतक्या मोठ्यानं की गाडी थांबल्यावर उतारू भोवती जमले. हॅरिएट त्याला म्हणाली, निदान धबधबा तरी बघायचा होतास आधी.

सारा ब्रॅडफर्डने १८६९ मध्ये हॅरिएटचं पहिलं चरित्र लिहिलं, त्यात ही हकिगत आहे. हॅरिएटने सांगितलेली, म्हणजे थोडं मीठमसाला आला असेलही. पण उतार लागल्यावर हद्द ओलांडल्याचं कळणं, हा तपशील घरात बसून सुचणारा नव्हे.

तो पूल आता नाही. १८९७ मध्ये त्याच जागी पोलादी कमानीचा पूल आला, रोब्लिंगच्या तारा काढून टाकल्या. संग्रहालयापासून तो कमानीचा पूल अगदी हाकेच्या अंतरावर आहे. पाऊस उघडल्यावर आम्ही तिथवर गेलो. पलीकडचा काठ इतका जवळ वाटतो की कुणी मोठ्याने गायलं तर ऐकू यावं.

याचा अर्थ पलीकडे सगळं आलबेल होतं असा नव्हे. कॅनडातही काळ्या लोकांना शाळांत, हॉटेलांत दारं बंद होती. हॅरिएट धबधब्याजवळच्या सेंट कॅथरिन्स गावात काही वर्षं राहिली. पळून आलेल्यांचे तिथले हिवाळे अर्धपोटी आणि थंडीत कुडकुडत गेले. आणि अलीकडेही युद्ध जिंकून, गुलामी उठवून चाळीस वर्षं झाल्यावर बरोबरीचा हक्क मागायची वेळ आलीच. जुलै १९०५ मध्ये ड्युबॉइस आणि त्यांचे साथी, एकूण २९ जण, त्या मागणीसाठी जमले ते कुठे? बफेलोसमोरच्या फोर्ट एरीला, म्हणजे याच नदीच्या कॅनडाकडच्या काठावर. आपल्या चळवळीला त्यांनी नाव दिलं नायगारा मूव्हमेंट.

ज्यांची ही नदी मुळात होती, त्यांचीही गोष्ट आहे. तिथल्या टस्करोरा आणि इतर आदिवासी राष्ट्रांना १७९४ च्या तहाने ही सीमा कधीही ओलांडायची मोकळीक दिली होती, कारण रेघ नंतरची आणि माणसं आधीची. १९२४ च्या कायद्यानंतर त्यांनाही अडवायला लागले. टस्करोरांचे पुढारी क्लिंटन रिकार्ड यांनी १९२६ मध्ये संघटना उभी केली आणि मोकळीक पुन्हा मिळवली. १९२८ पासून जुलै महिन्यात ते लोक मिरवणुकीने नायगाऱ्याचा पूल ओलांडतात, हक्क आहे तो वापरात राहावा म्हणून. जमीन मात्र राखता आली नाही. विजेसाठी जलाशय हवा म्हणून त्यांची जमीन मागितली गेली, खटला सर्वोच्च न्यायालयात गेला आणि १९६० मध्ये ते हरले. धबधब्याचं पाणीही आता मोजूनमापून सोडतात. १९५० च्या करारानुसार पर्यटकांच्या वेळेत सेकंदाला किमान १ लाख घनफूट, रात्री आणि हिवाळ्यात त्याच्या निम्मं. बाकीचं वीजघरांकडे. रात्री दिव्यांच्या झगमगाटात नातू म्हणाला, “नाना, नळ बारीक करतात का?” तसंच काहीसं.

मराठी माणसाला ही गोष्ट परकी वाटायचं कारण नाही. जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ प्रसिद्ध केली तेव्हा ती अर्पण केली अमेरिकेतल्या त्या सज्जनांना, ज्यांनी काळ्या लोकांना गुलामीतून सोडवण्यासाठी झीज सोसली. पुण्यात बसून त्यांनी हे ओळखलं होतं. शाळेत ती अर्पणपत्रिका वाचताना मला अमेरिकेतले सज्जन म्हणजे लिंकनसारखे मोठे पुढारी वाटायचे. संग्रहालयातून आल्यापासून त्या जागी मला होडी वल्हवणारा वेटर दिसतो, गाडीतून गात जाणारे गवंडी दिसतात.

फुल्यांना अमेरिकेला जायला मिळालं नाही. पंडिता रमाबाई गेल्या. १८८६ पासून दोनेक वर्षं तिथे राहिल्या, बालविधवांच्या शाळेसाठी गावोगाव व्याख्यानं देत हिंडल्या आणि १८८९ मध्ये त्या देशावर मराठीत पुस्तक लिहिलं. त्या मुक्कामात त्या हॅरिएट टबमनला भेटल्या. हॅरिएट तेव्हा न्यूयॉर्क राज्यातच, ऑबर्न गावी, स्वतःच्या छोट्या घरात नवऱ्याबरोबर राहत होती आणि साठी उलटल्यावरही आपल्या लोकांसाठी राबत होती. या भेटीविषयी रमाबाईंनी आपल्या मुलीला, मनोरमेला, पत्रातून कळवलं. हॅरिएट अंगापिंडाने थोराड, ताकदीची. तिने रमाबाईंना कवेत घेतलं आणि हातात हात घेऊन असा काही जोराने हलवला की रमाबाईंचा नाजूक हात दुखायला लागला.